मान आणि मानधन

पैसा घेऊन खेळतो तो धंदेवाईक आणि केवळ आनंदासाठी खेळतो तो हौशी, ही व्याख्या आम्ही विद्यार्थिदशेत ऐकली आणि शिक्षक झाल्यावर तीच मुलांस सांगत आलो. ती इतकी सुटसुटीत आहे, की तिच्याकडे संशयाने पाहावे असे कधी वाटलेच नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्याच शाळेत घडलेल्या एका लहानशा प्रकाराने ती आम्हांस पुन्हा तपासून पाहावी लागली. तो प्रकार वाचकांपुढे ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण त्यात आमचाही दोष आहे.

सरदीची भातकापणी उरकली होती. आमच्या गोव्यातील रिवाजाप्रमाणे मोकळ्या झालेल्या शेतांत यष्ट्या रोवल्या गेल्या होत्या आणि दर रविवारी गावोगावच्या संघांचे सामने रंगू लागले होते. अशा वेळी शिक्षकमंडळापुढे एक तक्रार आली. आमच्या शालेय संघातील दहावीच्या एका विद्यार्थ्याने शेजारच्या गावातर्फे एका स्पर्धेत गोलंदाजी केली आणि त्याबद्दल पाचशे रुपये स्वीकारले, असे तिचे स्वरूप होते. मुलास विचारले तेव्हा त्याने ते नाकारले नाही. त्याचे वडील पाडेली. माडावर चढून नारळ पाडणे हा त्यांचा व्यवसाय. मुलगा मान खाली घालून उभा होता. सभेत कोणी म्हणाले, ‘खेळाचे पावित्र्य म्हणून काही आहे की नाही? इंग्लंडातील जुन्या हौशी खेळाडूंचा आदर्श मुलांपुढे असला पाहिजे. डॉक्टर ग्रेस काय पैशासाठी खेळले?’ सर्वांनी माना डोलावल्या. त्या वर्षापुरते मुलास संघातून वगळावे असे ठरले. ठरावाच्या बाजूने आम्हीही हात वर केला.

पुढे याच वार्षिकांकासाठी डॉक्टर ग्रेस यांचे चरित्र मुलांना समजेल अशा शब्दांत लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. आम्ही मोठ्या उत्साहाने वाचावयास बसलो. वाचून उठलो तेव्हा मात्र त्या वर केलेल्या हाताची आम्हांस लाज वाटू लागली होती. असे का झाले, हे समजण्यासाठी ते चरित्रच थोडक्यात सांगावे लागेल.

विल्यम गिल्बर्ट ग्रेस यांचा जन्म 18 जुलै 1848 रोजी ब्रिस्टल शहराजवळील डाउनएंड या गावी झाला. वडील डॉक्टर होते. साऱ्या घराला क्रिकेटचे वेड होते. घरामागच्या फळबागेत खेळपट्टी केलेली. तीवर वडील, मामा आणि भाऊ सारेच खेळत, आणि चेंडू आणून देण्याच्या कामी घरची कुत्रीदेखील उपयोगी पडत. त्यांच्या मातुःश्री मार्था ग्रेस यांना या खेळाचे मर्म उत्तम कळत असे. 1884 साली मँचेस्टर येथे सामना चालू असता त्यांच्या निधनाची तार आली, तेव्हा प्रतिपक्षाचे कर्णधार हॉर्न्बी यांनी सामनाच थांबविला. खेळाडूच्या आईला मिळालेला असा मान आमच्या तरी वाचनात दुसरा नाही.

वयाची सतरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, 1865 साली, ग्रेस ‘जंटलमेन’ म्हणजे हौशी खेळाडूंच्या संघातून ‘प्लेअर्स’ म्हणजे धंदेवाईक खेळाडूंच्या संघाविरुद्ध खेळले. तोवर हा वार्षिक सामना बहुधा धंदेवाईक संघ जिंकीत असे. ग्रेस आले आणि पारडे फिरले. त्या काळच्या खेळपट्ट्या आजच्यासारख्या गुळगुळीत नव्हत्या. खुद्द लॉर्ड्सच्या मैदानावर 1870 साली समर्स नावाच्या फलंदाजाच्या डोक्यास उसळता चेंडू लागला आणि चार दिवसांनी तो मरण पावला. ग्रेस त्या सामन्यात खेळत होते. अशा खेळपट्ट्यांवर 1871 च्या एका मोसमात त्यांनी 2,739 धावा काढल्या. 1876 च्या ऑगस्टमध्ये लागोपाठच्या तीन डावांत त्यांनी 344, 177 आणि नाबाद 318 अशा धावा केल्या. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये त्यापूर्वी कोणीही त्रिशतक केलेले नव्हते. या गृहस्थांनी एका आठवड्यात दोन केली!

1880 साली लंडनच्या ओव्हल मैदानावर इंग्लंडच्या भूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. त्यात ग्रेस यांनी 152 धावा काढल्या. कसोटीत इंग्लंडतर्फे झालेले ते पहिले शतक. याच सामन्यात त्यांचे दोन भाऊ, एडवर्ड आणि फ्रेड, हेही खेळले. फ्रेडला दोन्ही डावांत एकही धाव काढता आली नाही, पण त्याने बॉनरचा उंच उडालेला चेंडू झेलला तो झेल लोकांच्या कायमचा स्मरणात राहिला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी न्यूमोनियाने फ्रेडचा अंत झाला. त्याचे वय एकोणतीस होते. त्या सामन्यात इंग्लंडचे कर्णधारपद लॉर्ड हॅरिस यांच्याकडे होते. हेच पुढे 1890 ते 1895 पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते, आणि ज्या ‘हॅरिस शील्ड’ स्पर्धेत 1988 साली सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी 664 धावांची भागी केली, ती त्यांच्याच नावाची.

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, 1895 च्या एकट्या मे महिन्यात, ग्रेस यांनी एक हजाराहून अधिक धावा काढल्या आणि आपले शंभरावे शतकही पुरे केले. शेवटचा कसोटी सामना ते 1899 साली, पन्नाशी उलटल्यावर खेळले. 23 ऑक्टोबर 1915 रोजी त्यांचे निधन झाले. पराक्रमाची ही कथा ऐकून कोणाचेही मस्तक नम्र व्हावे, आमचेही झाले. परंतु आमचा प्रश्न पराक्रमाविषयी नव्हता. डॉक्टर ग्रेस पैशासाठी खेळले काय, हा आमच्या सभेतला प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर या चरित्रात अगदी ठसठशीत अक्षरांत लिहिलेले आहे.

1873–74 च्या हिवाळ्यात ग्रेस ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर संघ घेऊन गेले. या दौऱ्याबद्दल धंदेवाईक खेळाडूंस प्रत्येकी 170 पौंड मिळाले. हौशी ग्रेस यांस मिळाले 1,500 पौंड, शिवाय खर्च वेगळा. नुकताच विवाह झाला असल्याने पत्नीही सोबत होती. बोटीवर हौशी खेळाडू पहिल्या वर्गात आणि धंदेवाईक दुसऱ्या वर्गात बसले. 1878 साली मेरिलबोन क्रिकेट क्लबने नियम केला, की सभ्य गृहस्थाने क्रिकेटच्या मैदानावरील सेवेतून नफा मिळवू नये. खर्चापेक्षा अधिक जो घेईल त्यास हौशी संघात स्थान नाही. नियम चोख होता. पण त्याच्या पुढच्याच वर्षी वैद्यकीय व्यवसायात बस्तान बसावे म्हणून ग्रेस यांस सुमारे चौदाशे पौंडांची थैली अर्पण झाली, आणि तीही त्याच क्लबच्या लॉर्ड्स मैदानावर. 1891–92 मध्ये लॉर्ड शेफील्ड यांच्या संघाबरोबर ते पुन्हा ऑस्ट्रेलियास गेले तेव्हा त्यांचे मानधन 3,000 पौंड झाले होते. 1895 च्या पराक्रमानंतर ‘डेली टेलिग्राफ’ पत्राने शिलिंग शिलिंग करून वर्गणी जमविली. इतर निधी मिळून ती थैली नऊ हजार पौंडांच्या पुढे गेली. ग्रेस खेळणार असतील तर मैदानाच्या तिकिटाचा दर दुप्पट लावीत, अशीही आख्यायिका आहे. थोडक्यात सांगावयाचे तर, हौशी म्हणविणाऱ्या या पुरुषास क्रिकेटपासून जे धन मिळाले, तितके त्याच्या काळच्या कोणत्याही धंदेवाईकास मिळाले नाही.

मग धंदेवाईकांचे काय झाले? तेही पाहू. 1896 साली ओव्हलवरील कसोटी सामन्यापूर्वी लोहमन, गन, एबल, हेवर्ड आणि रिचर्डसन या पाच धंदेवाईक खेळाडूंनी दहा पौंडांऐवजी वीस पौंड मागितले. वृत्तपत्रांत गहजब झाला. हौशी लोकांना ‘खर्चा’च्या नावाखाली किती मिळते, अशी कुजबूजही सुरू झाली. तेव्हा सरे क्लबला जाहीर करावे लागले, की डॉक्टर ग्रेस यांना लंडनमधील मुक्कामासाठी सामन्यामागे दहा पौंड देण्यात येतात, त्याहून अधिक एक कपर्दिकही नाही. म्हणजे पाहा: धंदेवाईकाची मजुरी दहा पौंड आणि हौशी गृहस्थाचा नुसता खर्चही दहा पौंड! मागणी करणाऱ्यांपैकी तिघांनी माघार घेतली आणि ते खेळले. लोहमन व गन त्या सामन्यात खेळले नाहीत. लोहमन हे त्या काळच्या थोर गोलंदाजांपैकी एक. क्षयाने ग्रासून 1901 साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ते दक्षिण आफ्रिकेत वारले.

तेव्हा ‘हौशी’ या शब्दाचा अर्थ ‘पैसे न घेणारा’ असा नव्हताच. तो एका सामाजिक पायरीचा वाचक होता. दोघेही मैदानावर एकाच संघातून उतरत. पण त्यांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात येण्याची दारे वेगळी. धावफलकावर आणि छापील पत्रिकेत हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरे आडनावाआधी येत, धंदेवाईकाची आडनावानंतर. 1950 साली लॉर्ड्सवर टिटमस या तरुण धंदेवाईकाची आद्याक्षरे चुकून आधी छापली गेली, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून ती चूक समारंभपूर्वक दुरुस्त करण्यात आली! अखेर 1962 च्या नोव्हेंबरात हा भेद रद्द झाला, आणि त्या दिवसापासून इंग्लंडात सारे नुसते ‘क्रिकेटपटू’ झाले. त्याआधी दहा वर्षे, 1952 साली, लेन हटन हा धंदेवाईक खेळाडू इंग्लंडचा कर्णधार झाला होता. विसाव्या शतकात असा मान मिळालेला तो पहिलाच. समोर संघ होता भारताचा आणि भारताचे कर्णधार होते सांगलीत जन्मलेले आणि बडोद्याकडून खेळणारे विजय हजारे. नाणेफेकीसाठी ते दोघे मैदानात उतरले तेव्हा एका जुन्या भिंतीची पहिली वीट ढासळली असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु इंग्रजांच्या ढोंगावर बोट ठेवून हसण्याचा अधिकार आम्हांस आहे काय? मूळचे आमच्या कोंकणातील पालवण गावचे पाळवणकर बाळू हे पुण्याच्या गोऱ्या लोकांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर मैदानाची कामे करीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. तो डावखुरा हात पुढे इतका प्रसिद्धीस आला, की 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण ज्या हिंदू संघासाठी ते झिजले, त्याच संघातील सोबत्यांनी आरंभी त्यांना चहा दिला तो वेगळ्या मातीच्या पात्रात, आणि तोही बाहेर. तेथे आडकाठी पैशाची नव्हती, जातीची होती. कर्णधारपद त्यांना कधीच लाभले नाही. ते 1923 साली त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. लॉर्ड्सवरचे वेगळे दार आणि पुण्याचे वेगळे पात्र, ही एकाच वृत्तीची दोन रूपे होत. खेळाच्या पावित्र्याची भाषा जेव्हा फार मोठ्याने बोलली जाते, तेव्हा ती कोणास आत घेते आणि कोणास बाहेर ठेवते, हे पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

येथे कोणी विचारील, की डॉक्टर ग्रेस यांना तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार काय? आमचा तसा मुळीच हेतू नाही. ब्रिस्टलच्या गरीब वस्तीत त्यांनी वीस वर्षे दवाखाना चालविला. मँचेस्टर येथे 1887 साली चेंडू अडविताना क्रूम हा त्यांचा सहकारी कुंपणाच्या लोखंडी सळईवर आदळला आणि त्याच्या गळ्यास खोल जखम झाली. ग्रेस यांनी त्या जखमेच्या कडा सुमारे अर्धा तास हाताने घट्ट धरून ठेवल्या म्हणून त्याचे प्राण वाचले. ज्या हातांनी त्रिशतक केले, त्यांचे आम्हांस वाटणारे मोल या अर्ध्या तासाने अधिकच वाढले. त्यांनी पैसे घेतले यातही आम्हांस पाप दिसत नाही. हजारो लोक त्यांना पाहावयास येत, क्लबांच्या पेट्या त्यांच्या नावावर भरत. त्यातील वाटा त्यांनी घेतला तो न्यायाचाच होता. दोष इतकाच, की त्यांनी घेतले ते ‘मानधन’ ठरले आणि लोहमनने मागितले ती ‘हाव’ ठरली.

शिवाय पैसे न घेतल्याने खेळाडू आपोआप उदार होतो आणि घेतल्याने क्षुद्र होतो, हेही खरे नाही. 1882 च्या ओव्हल कसोटीत तरुण ऑस्ट्रेलियन फलंदाज जोन्स धाव पुरी करून खेळपट्टी ठोकण्यासाठी सहज पुढे गेला. ग्रेस यांच्या हाती चेंडू होता. त्यांनी यष्टी उडविली आणि पंचाकडे दाद मागितली. नियमाप्रमाणे जोन्स धावचीत झाला. या कृत्याने संतापलेल्या स्पॉफर्थने दुसऱ्या डावात सात बळी घेऊन इंग्लंडला सात धावांनी हरविले, आणि त्या पराभवातूनच पुढे ‘ॲशेस’ची परंपरा जन्मली. उलट जॅक हॉब्ज पाहा. केंब्रिजच्या एका महाविद्यालयात मैदान राखणाऱ्याचा हा मुलगा. जन्मभर मोबदला घेऊन खेळला. प्रथम दर्जाचा त्याचा पहिला सामना 1905 साली ग्रेस यांच्याच संघाविरुद्ध झाला, आणि 1925 साली ग्रेस यांचा 126 शतकांचा उच्चांक त्यानेच मोडला. त्याच्या सौजन्याविषयी प्रतिपक्षानेही कधी शंका घेतली नाही. 1953 साली त्याला ‘सर’ ही पदवी मिळाली. धंदेवाईक क्रिकेटपटूस लाभलेला तो पहिलाच असा सन्मान.

एक शंका मात्र खरी आहे आणि ती आम्ही टाळणार नाही. शाळकरी वयात पैशाची चटक लागली तर अभ्यास आणि खेळ दोन्ही बिघडतील, ही भीती आमच्या सहकाऱ्यांनी व्यक्त केली होती. ती रास्त आहे. परीक्षेच्या ऐन दिवसांत गावोगाव हिंडणाऱ्या मुलास आवर घालणे हे शिक्षकाचे कामच होय. पण आवर घालणे निराळे आणि अपमान करणे निराळे. वेळेचा प्रश्न असेल तर वेळेविषयी बोलावे. ‘पावित्र्या’चा बडगा उगारू नये. ज्या मुलाच्या घरून बॅट येते, बूट येतात, मैदानापर्यंत सोडावयास मोटार येते, त्याला खेळासाठी पैसे घ्यावे लागत नाहीत. त्याचे हौशीपण त्याच्या वडिलांनी आधीच विकत घेऊन ठेवलेले असते.

या मुलाने त्या पाचशे रुपयांचे काय केले, हे सभेत आम्ही त्यास विचारले नव्हते. ते पुष्कळ दिवसांनी, वर्गातील दुसऱ्या एका मुलाकडून कळले. आमच्याच शालेय संघाचा नियम आहे, की सामन्यात पांढरे बूट हवेत. त्याने ते पैसे पांढऱ्या बुटांस दिले होते. शाळेच्या नियमास उतरण्यासाठी त्याने जे केले, त्याचीच शिक्षा म्हणून शाळेने त्यास बाहेर काढले!

यंदा आम्ही तो ठराव मागे घ्यावा अशी सूचना मांडली. थोडी वादावादी झाली. पण ती संमत झाली. संघातील प्रत्येकाचे बूट क्रीडानिधीतून घ्यावेत, आणि बाहेर खेळावयाचे असल्यास मुलांनी तसे आधी कळवावे, मात्र मिळणाऱ्या पैशाबद्दल कोणी कोणास हिणवू नये, असेही ठरले. त्या मुलास आम्ही बोलावून घेतले आणि आमची चूक झाली असे सांगितले. तो आता अकरावीत, आमच्याच उच्च माध्यमिक विभागात आहे. आम्ही दोघेही थोडे अवघडलो होतो. क्षणभराने त्याने विचारले, ‘प्रॅक्टीस केन्ना, सर?’ आम्ही वेळ सांगितली आणि तो गेला. त्याचे हुकलेले एक वर्ष परत देण्याचा उपाय मात्र कोणत्याही ठरावात नाही, हे आम्ही जाणून आहो.

विद्यार्थिमित्रांनो, डॉक्टर ग्रेस यांचे चरित्र अवश्य वाचा. त्यांची चिकाटी घ्या. पन्नाशीतही न विझलेली त्यांची खेळाची हौस घ्या. सोबत्याच्या जखमेवर धरलेला त्यांचा हात विसरू नका. पण त्यांच्या काळाने जी दोन दारे ठेवली होती, ती आपल्या मैदानावर ठेवू नका. आपल्या संघातील कोणाचे बूट कोठून आले हे विचारण्यापूर्वी, ते सर्वांना मिळावेत यासाठी आपण काय केले, हे आधी स्वतःस विचारा. आम्ही शिक्षकांनीही तेच करावयास हवे होते, आणि यापुढे ते करू, एवढे वचन येथे देतो.